ताहाराबादची ओवी आणि प्रभातचा पडदा

चित्रपटाच्या जगात ‘फँटसी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराची मराठीतील सर्वांत समृद्ध शाखा शोधायची झाल्यास ती जादूगारांच्या किंवा राक्षसांच्या कथांपेक्षा संतपटांत सापडते. कारण भरताच्या नाट्यशास्त्राने ज्याला अद्भुत रस म्हटले आणि ज्याचा स्थायिभाव, म्हणजे मनात कायम वसणारा मूळ भाव, विस्मय असा सांगितला, तो रस मराठी प्रेक्षकाला पडद्यावर मिळाला तो वेद म्हणणाऱ्या रेड्यात, चालणाऱ्या भिंतीत आणि वैकुंठाहून उतरणाऱ्या विमानात. या चित्रपटांना कादंबरीचा आधार नव्हता, परंतु आधारग्रंथ मात्र होता, आणि त्यातील मोठा वाटा आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका गावाचा आहे. राहुरी तालुक्यातील ताहाराबादचे महिपतीबुवा (१७१५–१७९०) यांनी १७६२ मध्ये ‘भक्तिविजय’ आणि १७७४ मध्ये ‘भक्तलीलामृत’ हे ओवीबद्ध संतचरित्रग्रंथ पूर्ण केले. पहिल्याचे अध्याय ५७, दुसऱ्याचे ५१. गावचे कुलकर्णीपण त्यांच्या घरात होते, आणि देवपूजेत असताना सरकारी कामासाठी आलेल्या बोलावण्याने उद्वेग येऊन त्यांनी आपली लेखणी यापुढे दुसऱ्याच्या चाकरीत न झिजवण्याचा निश्चय केला, असे परंपरा सांगते.

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ आणि १९४० मध्ये ‘संत ज्ञानेश्वर’ हे चित्रपट काढले, तेव्हा पटकथाकार शिवराम वाशीकर यांच्यापुढे जी कथासामग्री होती ती महिपतींच्या पोथ्यांनी महाराष्ट्रभर रुजवलेली होती. त्यामुळे हे चित्रपट आपल्या मुळाशी कितपत एकनिष्ठ राहिले, हा प्रश्न प्रथम महिपतींच्या संदर्भात विचारावा लागतो. या मूलनिष्ठेविषयी, म्हणजे रूपांतराने मूळ कृतीचे किती आणि काय जपले याविषयी, दोन परस्परविरोधी भूमिका संभवतात. त्यांपैकी पहिली येथे नारदीय पद्धतीने आख्यान लावणाऱ्या एका कीर्तनकाराच्या मुखी घातली आहे आणि दुसरी चित्रपटाचा इतिहास शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाच्या. दोघेही कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यातील ग्रंथ आणि चित्रपट मात्र खरे आहेत.

बुवा : प्राध्यापकसाहेब, ‘संत तुकाराम’ हा चित्रपट थोर आहे, याबद्दल वाद नाही. मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हेही सर्वांना ठाऊक आहे. तक्रार आहे ती मंबाजीविषयी. महिपतींच्या कथेत देहूतला तुकोबांचा छळ करणारा मुख्य माणूस मंबाजी गोसावी आहे. तो काटेरी फांदीने तुकोबांना झोडपतो, आणि त्याच रात्री कीर्तनाला तो दिसत नाही म्हणून तुकोबा स्वतः त्याच्याकडे जातात, मारून मारून थकला असशील म्हणून त्याचे अंग चेपतात आणि त्याला कीर्तनाला घेऊन येतात. ज्याने मारले तोही रोजचा श्रोता आहे, ही त्या कथेतली जीवघेणी गोष्ट आहे. चित्रपटाने हा माणूस काढून टाकला आणि त्याच्या जागी सालोमालो बसवला, जो पहिल्या दृश्यापासून ढोंगी, मत्सरी आणि हास्यास्पद आहे. असा खलनायक तमाशाला शोभतो. तुकोबांच्या कथेत तो परका वाटतो.

प्राध्यापक : बुवा, सालोमालो हे वाशीकरांच्या डोक्यातून निघालेले पात्र नाही. तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवणारा म्हणून ते नाव परंपरेत आहे आणि गाथेतही त्याचा उल्लेख येतो. चित्रपटाने एवढेच केले, की मंबाजीचा द्वेष आणि सालोमालोची काव्यचोरी या दोन गोष्टी एकाच माणसात घातल्या. याचे कारण माध्यमाच्या बांधणीत आहे. महिपतींची कथा प्रसंगांची माळ आहे. एक प्रसंग संपला की ओवी सरळ दुसऱ्यावर जाते, आणि मधला सांधा भरण्याचे काम पोथी लावणारा आणि अर्थ सांगणारा करतात. दोन-सव्वादोन तासांच्या चित्रपटाला असा मध्यस्थ मिळत नाही, म्हणून त्याला कार्यकारणाचा दोरा लागतो. रामेश्वरशास्त्र्यांकडे तक्रार कोणी नेली, गणिकेला तुकोबांकडे कोणी धाडले, या सुट्या प्रसंगांना जोडणारा हात म्हणून सालोमालो उभा राहतो. टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीवर पीटर जॅक्सनने २००१ ते २००३ या काळात तीन चित्रपट काढले, तेव्हा टॉम बॉम्बाडिल हे वाचकांचे लाडके पात्र त्याने संपूर्ण वगळले, तेही याच कारणाने. त्या पात्रावाचून पुढची एकही घटना अडत नव्हती.

बुवा : बॉम्बाडिल वगळला आणि मंबाजी वगळला, या दोन गोष्टी एका मापाच्या नव्हेत. ज्याच्यावाचून घटना अडत नाही तो वगळावा, हे एक वेळ मान्य करू. परंतु मंबाजीवाचून तुकोबांची क्षमा अडते. सालोमालोला क्षमा करणे सोपे आहे, कारण तो क्षुद्र आहे आणि प्रेक्षक त्याला आधीच हसलेला असतो.

येथे कीर्तनकाराचा मुद्दा बिनतोड आहे, आणि चित्रपटाचे कौतुक करणाऱ्यांनी तो सहसा टाळलेला दिसतो. प्रसंगांची यादी समोर ठेवून रूपांतर तपासणे ही मूलनिष्ठेची सर्वांत ढोबळ कसोटी होय, कारण यादीतला एखादा प्रसंग गळाल्याने काहीच न बिघडणे आणि एखादा गळाल्याने नायकाच्या स्वभावाचा एक पदरच नाहीसा होणे, यांतील भेद तिला दिसत नाही. तथापि कीर्तनकाराचा पक्ष येथेच थांबत नाही; त्याचा खरा आक्षेप अद्भुताच्या चित्रणावर आहे.

बुवा : ओवी म्हणजे तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड चरण मोकळा सोडलेला. त्या आखूड चरणावर सांगणारा थांबतो, श्रोत्याकडे पाहतो, आणि विमान आले हे श्रोता स्वतःच्या मनात पाहतो. महिपती तर जागोजागी श्रोत्यांना हाक मारतात, आपण अल्पमती आहोत, नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांनी जे लिहिले त्याच्याच आधाराने बोलतो, असे सांगतात. म्हणजे चमत्काराच्या आणि श्रोत्याच्या मध्ये एक सांगणारा उभा आहे, आणि त्याच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा ते श्रोत्याने ठरवायचे आहे. चित्रपटाने सांगणाऱ्यालाच हाकलले. ट्रिकसीन लावले की रेडा वेद म्हणतो तो डोळ्यांपुढेच म्हणतो. मग एक तर ते खरे मानायचे, नाही तर तार कुठे दिसते का ते शोधायचे. श्रद्धा आणि कुतूहल यांच्यामधली जी जागा ओवीने राखली होती, ती पडद्याने बुजवली.

प्राध्यापक : ट्रिकसीन म्हणजे कॅमेऱ्याच्या युक्तीने घडवलेले अशक्य दृश्य, उदाहरणार्थ एकाच फिल्मपट्टीवर दोन वेळा केलेले चित्रण. ही युक्ती दादासाहेब फाळक्यांपासून आपल्याकडे आहे, आणि प्रेक्षक ती ओळखत नव्हता असे समजणे म्हणजे त्याला भाबडे ठरवणे होय. राहिला सांगणारा. तो ‘संत तुकाराम’मध्ये गेला नाही, तो गाऊ लागला. विष्णुपंत पागनीस संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत आलेले नट होते, आणि त्यांच्या तुकारामाच्या तोंडी बोलण्यापेक्षा गाणे अधिक नैसर्गिक वाटते. केशवराव भोळे यांचे संगीत चमत्काराला सजवण्यासाठी येत नाही. गाणे चालू असते आणि त्या गाण्याच्या ओघात चमत्कार घडतो. पोथी लावणाऱ्याचा आवाज जे काम करतो, तेच काम येथे पागनीसांचा आवाज करतो.

बुवा : आणि परिणाम काय झाला? तुकोबांचा चेहरा म्हटला की कित्येक घरांत पागनीसांचाच चेहरा डोळ्यांपुढे येऊ लागला. महिपतींना वाचून कोणाच्या डोळ्यांपुढे महिपतींचा चेहरा येत नाही.

प्राध्यापक : हा दोष मान्य आहे, पण तो चित्रपट या माध्यमाचा आहे, दामले-फत्तेलालांचा नव्हे. आता आवलीकडे पाहा. ग्रंथात आणि पडद्यावर तिची जागा कोणती आहे, यावरून या रूपांतराचा निवाडा करता येईल.

आवली, म्हणजे तुकोबांची पत्नी जिजाई, हा या वादाचा सर्वांत सुपीक भाग आहे, आणि त्यावर थोडे अधिक रेंगाळणे योग्य ठरेल. महिपतींच्या कथेत तुकोबा घरचे लुगडे एका गरीब बाईला देऊन टाकतात, तेव्हा संतापलेली आवली दगड घेऊन विठोबाचे पाय फोडायला देवळात जाते आणि तिची समजूत काढण्यासाठी खुद्द रुक्मिणीला मध्ये पडावे लागते. चित्रपटात दगडाच्या जागी चप्पल आली आणि लुगड्याच्या जागी आजारी मूल आले. आवली मुलाला घेऊन देवळात घुसते आणि देवावर पायताण उगारते. घटनेच्या पातळीवर हा बदल लहान नाही. दगड देवाला इजा करण्यासाठी आहे, चप्पल देवाचा अपमान करण्यासाठी आहे. लुगडे गेल्याचा राग स्वतःसाठी आहे, मूल आजारी असल्याचा राग आईचा आहे. तरीही गौरी या अभिनेत्रीने उभी केलेली, भाकरीच्या हिशेबावर जग तोलणारी ही बाई महिपतींच्या आवलीची सख्खी बहीण वाटते, कारण दोन्हींत देवाशी भांडण्याचा हक्क संसाराच्या नात्याने मागितलेला आहे.

प्राध्यापक : हीच खरी मूलनिष्ठा, बुवा. महिपतींच्या पोथीत चमत्कार होतो तो नेहमी घरात येऊन होतो; कधी लुगड्यावरून, कधी पाखरांनी खाल्लेल्या शेतावरून, कधी चुलीवरून. अद्भुत आणि प्रपंच यांचे जे प्रमाण त्यांनी राखले, ते या चित्रपटाने राखले. वैकुंठाला जाताना नवरा बोलावतो आणि बायको घरची कामे सोडून निघत नाही, यापेक्षा मोठा विस्मय त्या विमानातही नाही.

बुवा : मग ‘संत ज्ञानेश्वर’ला तुमचे हेच माप लावा. तिथे शाहू मोडक आहेत, म्हणजे आपल्या नगरचे.

प्राध्यापक : लावले तर तो चित्रपट कमी भरतो. शाहू मोडक १९१८ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मले, आणि ज्या नगरमध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाच्या छंदात ख्रिस्तभक्ती गायिली, त्या नगरच्या मुलाने ज्ञानेश्वर व्हावे यात नवल काहीच नाही. नट उत्तम आहे. पण ‘संत तुकाराम’च्या यशानंतर चमत्काराचा आकार वाढला. रेडा आणि भिंत ही दृश्ये लोकांच्या लक्षात राहिली, आणि त्यांच्यापुढे पोरक्या भावंडांचे घर फिके पडले. चांगदेव वाघावर बसून येतो आणि भावंडे निर्जीव भिंत चालवून त्याला सामोरी जातात, या कथेत महिपतींना सजीवावर सत्ता चालवणे आणि अचेतनातही चैतन्य जागवणे यांतला भेद दाखवायचा होता. पडद्यावर मात्र वाघ आणि भिंत यांची शर्यत उरते.

बुवा : इथे तुमचे माप तुमच्यावरच उलटते, साहेब. मुक्ताबाईला मांडे भाजायला भांडे मिळत नाही म्हणून ज्ञानोबा आपली पाठ तापवतात, ही कथा स्वयंपाकघरातलीच आहे ना? मग ज्ञानेश्वरांच्या चरित्रात प्रपंच नाही असे कसे म्हणता? आणि प्रमाण बिघडले ते चित्रपटाने बिघडवले, की ज्ञानोबांच्या कथेतच चमत्कार अधिक भव्य आहेत म्हणून आपोआप तसे झाले? पैठणच्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे इथे आजही दाखवतात; नेवाशाला ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तो पैसाचा खांब दाखवतात. लोकांनीच त्या कथा दगडात उभ्या केल्या आहेत. चित्रपटाने लोकांच्या स्मरणाशी निष्ठा ठेवली, महिपतींशी ठेवली नसेल.

कीर्तनकाराच्या या बोलण्याने वादाची बाजू अनपेक्षितपणे पालटते, कारण आता ग्रंथाचा कैवारी लोकस्मृतीचा आधार घेतो आणि चित्रपटाचा कैवारी ग्रंथातील सूक्ष्म अर्थाचा. वस्तुतः महिपती हे स्वतःही ‘मूळ’ नाहीत. तुकोबांच्या निधनानंतर, म्हणजे १६५० नंतर, सव्वाशे वर्षांनी त्यांनी ‘भक्तलीलामृत’ लिहिले. त्याआधी ‘भक्तिविजय’मध्ये त्यांनी तुकोबांची कथा एकदा सांगितली होती आणि दुसऱ्या ग्रंथात ती बऱ्याच अधिक विस्ताराने पुन्हा सांगितली. नाभाजींच्या हिंदी ‘भक्तमाल’मधून त्यांनी जे घेतले, ते मराठी श्रोत्यांसाठी बदलून घेतले. म्हणजे प्रभातचा चित्रपट हे एका रूपांतराचे रूपांतर आहे, आणि दीडशेहून अधिक वर्षांच्या अंतराने आलेल्या दुसऱ्या रूपांतरकाराला पहिल्यापेक्षा कमी मोकळीक का असावी, याचे उत्तर ग्रंथपक्षाकडे नाही. शिवाजीमहाराजांच्या प्रसंगात हे स्पष्ट दिसते. कीर्तन ऐकत बसलेल्या महाराजांना पकडण्यासाठी शत्रू येतो, तेव्हा महिपतींच्या कथेत विठ्ठल महाराजांचे रूप घेऊन निघून जातो आणि शत्रू त्या रूपामागे धावतो. चित्रपटात मात्र शत्रूला समोर बसलेल्या श्रोत्यांत जिकडेतिकडे शिवाजीच दिसू लागतो. एका विठ्ठलाच्या जागी अनेक शिवाजी आले, आणि चमत्काराचा कर्ता तोच राहूनही त्याचा अर्थ देवाच्या धावून येण्यावरून जमावाच्या एकरूपतेवर गेला. १९३६ च्या प्रेक्षकाला यातून काय ऐकू आले असेल, हे समजण्यासाठी आदल्याच वर्षीचा प्रभातचा एकनाथांवरील चित्रपट आठवावा. त्याचे ‘महात्मा’ हे नाव गांधीजींची आठवण देते म्हणून सेन्सॉरने अडवले आणि तो ‘धर्मात्मा’ या नावाने पडद्यावर आला.

प्राध्यापक : दुसऱ्या टोकाचे उदाहरणही पाहायला हवे. चंद्रकांत कुलकर्णी यांच्या २०१२ च्या ‘तुकाराम’मध्ये, ज्यात जितेंद्र जोशी तुकोबा झाले, चमत्काराला गौण जागा आहे आणि दुष्काळ, कर्ज, घरातले मृत्यू यांना मुख्य. इतिहासाशी तो चित्रपट अधिक एकनिष्ठ म्हणता येईल. पण महिपतींशी?

बुवा : महिपतींशी नाही, आणि तरी तो चित्रपट खोटा नाही. त्याने पोथी समोर ठेवली नव्हती, गाथा ठेवली होती. अडचण होते ती नाव एकाचे आणि माल दुसऱ्याचा असेल तेव्हा. २०१८ च्या ‘तुंबाड’ने नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतले आणि भयाचे बीज नारायण धारपांच्या कथेतून. कादंबरी वाचून गेलेल्या प्रेक्षकाला खोतांचे घराणे सापडले नाही, म्हणून त्याने चित्रपटाला अप्रामाणिक म्हणायचे का?

प्राध्यापक : नाही, पण त्याची फसगत झाली नाही असेही म्हणता येत नाही. नाव हा प्रेक्षकाशी केलेला करार असतो. ‘तुंबाड’ने तो मोडला आणि स्वतःचे असे एक पुराण रचून त्याची भरपाई केली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी धारपांच्या मूळ कथेतली म्हातारी आणि तिची भूक घेतली, तिच्याभोवती लोभाची नवी दंतकथा गुंफली. हे रूपांतर नव्हे, कलम आहे.

बुवा : मग शांताराम आठवल्यांचे काय म्हणाल? बीज आणि वृक्ष यांच्या रूपकावरचे त्यांचे पद ‘संत तुकाराम’मध्ये पागनीसांच्या तोंडी आहे, आणि अर्धा महाराष्ट्र ते तुकोबांचेच समजतो. अभ्यासू माणसेही फसली. सालोमालो तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवतो म्हणून ज्या चित्रपटाने त्याला खलनायक केले, त्याच चित्रपटाने आपला अभंग तुकोबांच्या नावावर खपवला.

हा आक्षेप या संपूर्ण वादातील सर्वांत तिखट आक्षेप आहे, आणि त्यातली विसंगती नाकारता येत नाही. प्राध्यापकाच्या उत्तरात मात्र एक बारीक वस्तुस्थिती आहे.

प्राध्यापक : त्या पदात नाममुद्रा नाही, बुवा. नाममुद्रा म्हणजे रचनेच्या शेवटी कवीने घातलेले आपले नाव. आठवल्यांनी तुकोबांची भाषा घेतली, लय घेतली, पण ‘तुका म्हणे’ लिहिण्याचे धाडस केले नाही. सालोमालोने मुद्रा बदलली. आठवल्यांनी ती जागा रिकामी ठेवली. लोकांनी ती आपल्या मनाने भरली.

बुवा : हे मात्र खरे. कीर्तनात ते पद घेताना मुद्रा नाही म्हणून अडखळायला होते, आणि मग कवीचे नाव सांगूनच पुढे जावे लागते. महिपतींनी नाभाजींचे नाव सांगितले, तसेच. एवढे पथ्य सगळ्यांनी पाळले तर मंबाजी गाळला काय आणि सालोमालो घातला काय, भांडणाला जागा राहणार नाही.

प्राध्यापक : पण मंबाजी तुम्ही गाळत नाही.

बुवा : नाही. आवलीच्या आख्यानात दगडही बदलत नाही, कारण रुक्मिणी धावत येते ती दगड पाहून. चप्पल पाहून ती आली असती की नाही, हे महिपतींनी सांगितलेले नाही. अडचण एवढीच, की समोरच्या श्रोत्यांपैकी निम्मे चप्पल निघण्याची वाट पाहत बसलेले असतात, आणि मग दगडाचा प्रसंग दोनदा सांगावा लागतो.